टीनएजर मुलांचं चर्च शिबिर: वक्ता शोधण्याआधी काय ठरवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातली मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, संडे स्कूलची जबाबदारी तुमच्याकडे, १३ ते १७ वयाची चाळीसेक मुलंमुली. दिवाळीच्या सुट्टीत शनिवार-रविवार मुक्कामाचं शिबिर घ्यायला चर्चचा कारभार पाहणाऱ्या पाळकीय समितीनं होकार दिलाय. मागच्या वर्षी मुलं संदेशाच्या (प्रवचनाच्या) वेळी पेंगत होती, रात्री तीनपर्यंत जागी होती, आणि घरी परतल्यावर पंधरवड्यात सगळं पहिल्यासारखं झालं. म्हणून यंदा चांगला वक्ता, चांगला विषय आणि मुलं रमतील असे खेळ सुचवा, असं तुम्ही म्हणता.

नगर, पुणे आणि सातारा भागातल्या मंडळ्यांसाठी मी बरीच वर्षं अशी शिबिरं घेत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते, तुमची अडचण वक्त्याची नाही. मागच्या वर्षीचं वेळापत्रक तुम्ही दिलंय, ते बघा. साडेपाचला उठणं, सहाला प्रार्थना, दिवसात पाच संदेश, मधे पाठांतर स्पर्धा, रात्री साडेनऊला शेवटची सभा. अशा दिवसात कितीही नावाजलेला वक्ता आणला असता तरी मुलं पेंगलीच असती. या वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते असं डॉक्टर सांगतात, शिवाय या वयाच्या मुलांना रात्री उशिराच झोप येते आणि सकाळी उशिरा जाग येते. हा आळस नाही, वाढत्या शरीराची रीत आहे. तेव्हा मुलांना देवाच्या वचनात गोडी नाही असा निष्कर्ष मागच्या शिबिरावरून काढू नका. ती थकली होती.

आता त्याहून महत्त्वाचं. ही मुलं वर्षभर मोठ्यांचं ऐकतच असतात. शाळेत शिक्षक, संध्याकाळी क्लास, घरी आईवडील, रविवारी पाळकसाहेब, म्हणजे पास्टर. त्यांना ऐकायला सांगणारी माणसं पुष्कळ आहेत, त्यांचं ऐकून घेणारं मोठं माणूस मात्र फारसं कुणाला मिळत नाही. घरापासून लांब दोन दिवस मिळतात ते त्यासाठी वापरावेत, असं माझं ठाम मत आहे. म्हणून शिबिर ठरवताना मी पहिला प्रश्न विचारते तो असा: या चाळीस मुलांपैकी प्रत्येकाचं बोलणं ऐकायला त्या दोन दिवसांत कोण असणार आहे? नावं सांगा. त्या नावांची यादी झाली की विषय, वक्ता, वेळापत्रक ही पुढची कामं सोपी होतात.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुमची मुलं एकमेकांना लहानपणापासून ओळखत असतील तर पहिल्या दिवशी ओळखीच्या खेळांना वेळ देण्याची गरज नाही. दोन-तीन गावांतली मुलं एकत्र येणार असतील तर शनिवारची अख्खी दुपार त्यालाच जाईल आणि तशी ती जाऊ द्यावी. कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) फादर बरोबर असतील, मिस्सा आणि प्रायश्चित्त संस्कार (पापांची कबुली) यांची जागा ठरलेली असेल. तिथे मी खाली सांगते ती रचना तशीच बसणार नाही. तुमच्या लिहिण्यावरून मंडळी प्रॉटेस्टंट वाटते, म्हणून त्याच अंगानं लिहिते.

चाळीस मुलांचे सहा गट करा, मुलांचे तीन आणि मुलींचे तीन. प्रत्येक गटाला दोन गटप्रमुख, एक विशी-पंचविशीतला आणि एक पस्तिशीच्या पुढचा. मुलींच्या गटांना दोन्ही बायकाच. म्हणजे बारा माणसं हवीत. समिती म्हणेल, बारा कुठून आणायची, चौघांत भागवा. तिथे मागे हटू नका. बारा मिळत नसतील तर मुलं तीसच न्या, पण गटामागची दोन माणसं कमी करू नका. एका माणसाकडे दहा-दहा मुलं दिली की तो फक्त हजेरी घेणं आणि शिस्त लावणं एवढंच करू शकतो.

ही माणसं निवडताना उत्तम बोलणारी निवडू नका. मंडळीत प्रार्थना सुरेख करणारे, बायबलची वचनं तोंडपाठ असणारे भाऊ असतात. त्यांचा मान आहेच, पण या कामाला वेगळा स्वभाव लागतो. ज्याच्या दुकानाच्या पायरीवर मुलं संध्याकाळी उगाच रेंगाळतात तो, सिव्हिल हॉस्पिटलमधली ती सिस्टर जिला मुली दवाखान्याबाहेरही प्रश्न विचारतात ती, रविवारी उपासना संपल्यावर मुलांबरोबर खुर्च्या उचलणारा तो एसटीतला कंडक्टर. अशी माणसं प्रत्येक मंडळीत आहेत आणि त्यांना आजवर कुणी हे काम सांगितलेलं नाही. सांगा. बहुतेक जण म्हणतील, मला पवित्र शास्त्र सांगता येत नाही. त्यांना म्हणा, सांगायचं नाही, ऐकायचं आहे.

शिबिराआधी या बाराजणांना तीनदा तरी एकत्र बसवा. पहिल्या बैठकीत प्रत्येकाला त्याच्या गटातली नावं द्या आणि दुसऱ्या बैठकीपर्यंत त्या प्रत्येक मुलाशी दोन वाक्यं तरी बोलून यायला सांगा. दुसऱ्या बैठकीत सराव घ्या: मूल काही बोललं की लगेच सल्ला द्यायचा नाही, लगेच वचन ऐकवायचं नाही, ‘मग पुढे काय झालं?’ एवढंच विचारायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण चर्चमधल्या माणसाला ते फार जड जातं, कारण आपल्याला उत्तर देण्याची सवय आहे. तिसरी बैठक सुरक्षिततेची, त्याबद्दल पुढे लिहिते.

मुलं बोलतात कधी, हेही बघून ठेवा. गोल करून बसवलं आणि ‘आता मन मोकळं करा’ म्हटलं की सगळी चटईचे धागे उपसत बसतात. हात कामात असले की बोलतात. म्हणून मी स्वयंपाकाला पूर्ण बाहेरचा आचारी लावत नाही. आचारी असावा, पण निवडणं, सोलणं, वाढणं, भांडी घासणं गटांनी पाळीपाळीनं करावं. एका शिबिरात शनिवारी दुपारी मुलांचा एक गट लसूण सोलायला बसला होता. रात्री चिकनचा रस्सा होता, त्यामुळे लसणाचा ढीग मोठा. पंधरा मिनिटं नुसती क्रिकेटची बडबड चालली. मग एक मुलगा पाकळीवरचं साल नखानं ओढता ओढता मान वर न करता म्हणाला, ‘मी दहावीनंतर आयटीआयला जाणार, पण घरी अजून सांगितलं नाही.’ त्याच्या शेजारी बसलेल्या दादानं हातातली सुरी खाली ठेवली नाही, त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. ‘कुठला ट्रेड?’ एवढंच विचारलं. ‘इलेक्ट्रिशियन.’ आणि मग लसूण संपेपर्यंत दोघं बोलत राहिले, बाकीची मुलंही त्यात आली. चांगला गटप्रमुख म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी त्या ‘कुठला ट्रेड?’कडे बोट दाखवते.

आता वेळापत्रक. शनिवारी सकाळी निघा, अकरापर्यंत पोहोचा. दुपारी जेवणाआधी जागा दाखवणं, नियम सांगणं, गट पाडणं. जेवणानंतर सक्तीची विश्रांती नको, पण शांत तास हवा. साडेतीनला पहिला संदेश, पंचवीस मिनिटांचा, त्याहून जास्त नाही. लगेच गटात चाळीस मिनिटं चर्चा. मग खेळ, अंधार पडेपर्यंत. संध्याकाळी स्वयंपाकाची कामं, गाणी, जेवण. रात्री शेकोटीजवळ प्रश्नपेटीचा तास, त्याबद्दल पुढे लिहिते. साडेदहाला खोलीत, अकराला दिवे बंद. रविवारी साडेसातला उठणं. हो, साडेसातला. पहाटेची प्रार्थना ज्यांना हवी त्यांच्यासाठी अंगणात सहाला ठेवा, ऐच्छिक. तुम्हाला आश्चर्य वाटेल, काही मुलं स्वतःहून येतात आणि त्यांची ती प्रार्थना खरी असते. नाश्ता, मग सकाळची उपासना शिबिराच्याच जागी, दुसरा संदेश तिच्यातच. पुन्हा गट. दुपारचं जेवण आणि चारच्या आत परत. म्हणजे दोन दिवसांत दोन संदेश. पाहुण्या वक्त्याला हे आधी स्पष्ट सांगा. ज्याला पंचवीस मिनिटं कमी वाटतात, त्याला पुन्हा कधीतरी रविवारी बोलवा.

विषयासाठी मी बहुतेक वेळा बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय घेते, एलीयाची गोष्ट. तुम्हीही घेऊन बघा, कारण ती या वयाशी थेट बोलते. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या पुजाऱ्यांना हरवण्याचं एवढं मोठं काम करून आलेला हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीनं पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे झालं, माझा प्राण घे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे वाक्य कुठून येतं ते कळतं. प्रवेश परीक्षा, मार्क, घरातली भांडणं, वर्गातली चेष्टा, यातून त्यांच्याही मनात तसं येऊन गेलेलं असतं आणि पवित्र शास्त्रात एका संदेष्ट्याच्या तोंडी ते सापडेल अशी त्यांची कल्पना नसते. गटात मी एकच प्रश्न द्यायला सांगते: देवदूतानं एलीयाला पहिल्यांदा काय सांगितलं? मुलं आधी अंदाजानं म्हणतात, ‘विश्वास ठेव’, ‘भिऊ नको’, ‘प्रार्थना कर’. मग वाचायला लावा. देवदूत म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो, आणि देवदूत त्याला पुन्हा खायला उठवतो. रागावत नाही, उपदेश करत नाही. होरेब डोंगर, वारा, भूकंप, अग्नी आणि ती मंद वाणी हे सगळं नंतर येतं. तिथेही देव आज्ञा देण्याआधी विचारतो, एलीया, तू इथे काय करतोस? आणि हा प्रश्न दोनदा विचारतो, म्हणजे त्याला दोनदा बोलू देतो. पहिला संदेश भाकरीपर्यंत, दुसरा होरेबवरचा आणि परतीच्या वाटेचा, कारण देव त्याला शेवटी माघारी कामाला पाठवतो, अलीशा नावाचा सोबती देतो आणि तू एकटा नाहीस, सात हजार आहेत, असं सांगतो.

हा उतारा घेतलात तर एक काळजी घ्या. जीव नकोसा झाल्याचं एखादं मूल गटात किंवा एकांतात बोललं, तर ते ‘मनाची अवस्था’ म्हणून सोडून द्यायचं नाही. गटप्रमुखानं शांतपणे ऐकायचं, मुलाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी तुम्हाला सांगायचं, आणि तुम्ही पालकांशी बोलून डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचं. प्रार्थना जरूर करा, प्रार्थनेबरोबर दवाखाना. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलता येतं. तो नंबर प्रत्येक गटप्रमुखाच्या फोनमध्ये असू द्या.

प्रश्नपेटी म्हणजे बुटाच्या खोक्याला फट पाडून ठेवायची, शनिवारी दुपारपासून. नाव लिहायचं नाही. येणारे प्रश्न असे असतात: प्रार्थना केली तरी आजी वारली, का? मैत्रिणीच्या घरी गणपतीच्या आरतीला उभी राहिले तर पाप आहे का? मला एक मुलगा आवडतो, देवाला चालेल का? विज्ञानाच्या पुस्तकात उत्क्रांती आहे आणि बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात वेगळं आहे, परीक्षेत काय लिहू? संध्याकाळच्या जेवणाआधी तुम्ही आणि पाळकसाहेब दोघांनीच चिठ्ठ्या वाचा. ज्या चिठ्ठीतून एखाद्याचं घर ओळखू येईल, वडिलांचं पिणं, आईला होणारी मारहाण, असं काही असेल, ती शेकोटीजवळ वाचायची नाही. तिथे सर्वसाधारण शब्दांत एवढंच सांगा की काही प्रश्न घरचे आहेत, ज्यांना बोलायचं आहे त्यांच्यासाठी अमुक ताई आणि अमुक दादा उद्या नाश्त्यानंतर अंगणात बसलेले असतील. बाकीच्या चिठ्ठ्या एकानंच वाचायच्या, अक्षर कुणाला दिसू द्यायचं नाही, आणि शेवटी सगळ्या जाळून टाकायच्या. उत्तर देताना ‘मला यातलं सगळं कळत नाही, मी आजवर असा विचार करत आलोय’ असं म्हणायला पाळकसाहेबांना अडचण वाटत नसेल, तर मुलं त्यांच्याजवळ वर्षभर येत राहतील. आजीच्या प्रश्नाला तर उत्तर देऊच नये असं मला वाटतं. त्या मुलाला आजी कशी होती ते विचारावं.

शनिवार रात्रीबद्दल मला आग्रहानं सांगायचंय. बऱ्याच शिबिरांत शनिवारी रात्री दिवे मंद करून, हळू संगीत लावून मुलांना पुढे बोलावतात, ख्रिस्ताला स्वीकारण्याचा निर्णय घ्यायला सांगतात. काही मंडळ्यांची ती जुनी, मनापासून जपलेली रीत आहे आणि तिथून खरोखर पालटलेली माणसं मला माहीत आहेत. तरी तेरा वर्षांच्या थकलेल्या मुलासाठी ती वेळ योग्य नाही. शेजारची मैत्रीण रडली की आपल्यालाही रडू येतं, सगळे पुढे गेले की मागे राहायला लाज वाटते. सकाळी त्याला कळत नाही की रात्री जे झालं ते देवाकडून होतं की गर्दीतून, आणि सुट्टीनंतर शाळेत गेल्यावर काहीच बदललं नाही म्हणून ते स्वतःलाच खोटं समजू लागतं. मी निर्णयाची वेळ रविवारी सकाळी ठेवते, झोप झाल्यावर, पोटात पोहे गेल्यावर, उजेडात. प्रत्येकाला कागद आणि पाकीट, अर्धा तास आवारात कुठेही एकटं बसून देवाला पत्र. पाकीट बंद करून वर स्वतःचं नाव. ती पाकिटं तुम्ही न उघडता सांभाळायची आणि पुनरुत्थानाच्या सणाला (ईस्टरला) ज्याची त्याला परत द्यायची. कुणी बाप्तिस्मा किंवा दृढीकरणाबद्दल (कन्फर्मेशनबद्दल) विचारलं तर त्याचं बोलणं घरी परतल्यावर, पालकांसह, पाळकसाहेबांपाशी.

सुरक्षिततेची बैठक टाळू नका. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. ‘मंडळीची बदनामी होईल, आपापसांत मिटवू’ याला तिथे जागा नाही, आणि ख्रिस्ताच्या मंडळीत तर मुळीच नसावी. चाइल्डलाइन १०९८, पोलीस ११२. रोजचे नियम साधे ठेवा: कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलाबरोबर बंद दाराआड एकटा असणार नाही, खाजगी बोलणं सगळ्यांना दिसेल अशा उघड्या जागी, मुलींच्या झोपण्याच्या खोलीच्या बाजूला पुरुष जाणार नाहीत. हे नियम पाळकसाहेबांना, समितीच्या मंडळींना आणि पाहुण्या वक्त्यालाही लागू. मुलांनाही पहिल्याच दिवशी सांगा की मोठ्यांसाठी हे नियम आहेत आणि कुणी मोडला तर कुणाकडे जायचं. फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकायचे तर पालकांची परवानगी आधी घ्या.

पालकांच्या संमतिपत्रात आजार, चालू औषधं, दम्याचा पंप, फिट येते का, कशाची ॲलर्जी आहे, रात्री संपर्काचा नंबर हे सगळं हवं. सॅनिटरी पॅडचा डबा मुलींच्या बाथरूममध्येच ठेवा, मागावं लागू नये. पाण्यात उतरण्याला माझा पूर्ण नकार असतो. जून २०२४ मध्ये लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते सगळ्यांनी पाहिलं. दिवाळीला पाणी शांत दिसतं, पण विहीर, शेततळं आणि धरणाचा काठ मुलांना ओढतोच. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. जागा निवडताना आवारात असं काही असेल तर दुसरी जागा बघा.

जागेवरून आठवलं, तुम्ही पाचगणीचं विचारलंय. दिवाळीत पाचगणी-महाबळेश्वर, खंडाळा, लोणावळा सगळीकडे पर्यटकांची झुंबड असते, भाडं वाढतं आणि मुलांचं अर्धं लक्ष बाजारात. त्यापेक्षा मिशनच्या शाळांची बोर्डिंगं या सुट्टीत रिकामी असतात. खाटा, स्वयंपाकघर, मैदान, भिंतीचं कुंपण सगळं तयार, आणि भाडं नाममात्र. जागा पाहायला जाताना मंडळीतल्या एका मोठ्या मुलीला बरोबर न्या. बाथरूमच्या दाराला कडी आहे का, रात्री तिथपर्यंत दिवा आहे का, हे ती तुमच्याआधी बघेल. प्रवासाला एसटीची प्रासंगिक कराराची (अख्खी भाड्यानं मिळणारी) गाडी घ्या, किंवा जवळचं अंतर असेल तर साध्या एसटीनंच जा, मुलींना अर्धं तिकीट पडतं. दहावीच्या मुलांच्या क्लासच्या तारखा आधी विचारून घ्या. त्या मुलांना शिबिराची सर्वांत जास्त गरज असते आणि नेमकी तीच गळतात. आणि फी माफ करायची असेल तर ते फक्त तुम्हाला आणि त्या पालकांना माहीत असावं. महिला मंडळाकडे शब्द टाका, त्या भगिनी हे काम कुणालाही कळू न देता करतात.

मोबाइलबद्दल घरोघरी वाद होणारच. पूर्ण काढून घेतले की दोन दिवस तोच विषय होतो, काहीजण दुसरा जुना फोन लपवून आणतात, आणि पालकही घाबरतात. मी रात्री साडेदहा ते सकाळी नाश्त्यापर्यंत सगळे फोन एका खोलीत चार्जिंगला लावते, गटप्रमुखांचेही. संदेश आणि गटाच्या वेळी फोन पिशवीत. दुपारी तासभर मोकळीक. मोठ्यांनी पाळलं की मुलं पाळतात.

गाण्यांबद्दल तुम्ही लिहिलंय की मुलांना इंग्रजी आणि हिंदी वर्शिप साँग्जच हवी असतात आणि ज्येष्ठांना मराठी. दोन्ही घ्या. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना छापील देवनागरी भराभर वाचता येत नाही, म्हणून ती गीतपुस्तक उघडत नाहीत. त्यांना मराठी गाणं नकोच असतं असं नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरला राहून आपल्या ओव्या-अभंगांच्या चालींत ख्रिस्ताची भजनं लिहिली, हा ठेवा या मुलांपर्यंत पोहोचायलाच हवा. त्यासाठी भाषण नको. मंडळीतले पेटी वाजवणारे एखादे आजोबा बरोबर न्या. शनिवारी संध्याकाळी त्यांनी एकाच भजनाची एकेक ओळ म्हणायची, मुलांनी मागून म्हणायची, ढोलकी एखाद्या मुलाच्या हातात. कागद नाही, पडदा नाही. रविवारच्या उपासनेत तेच भजन मुलं पाठ म्हणतात.

मुलं आपल्या दुसऱ्या धर्माच्या मित्रांना आणू का, असंही विचारतील. आईवडिलांना हे ख्रिस्ती शिबिर आहे, प्रार्थना आणि शास्त्रवाचन होणार आहे, असं आपण स्वतः घरी जाऊन सांगितलं आणि त्यांनी लेखी संमती दिली तरच आणावं, आणि त्या मुलावर कसलाही भार टाकू नये. संमती नसेल तर नाही. त्या मैत्रीचा मान राखायचा तर त्या घराचाही मान राखला पाहिजे.

खेळांवर मी फार शब्द घालवत नाही. लगोरी, खो-खो, डॉजबॉल, रस्सीखेच, काहीही घ्या. फक्त धष्टपुष्ट मुलंच जिंकतील असे सगळे खेळ नकोत, आणि बाद झालेलं मूल अर्धा तास कडेला बसेल असे तर नकोतच. चिडवून हसवणारे, कुणाला तोंडघशी पाडणारे खेळ पूर्णपणे वगळा. वक्त्याबाबत: तुमच्या जिल्ह्यातला, मुलांना नंतरही भेटू शकेल असा तरुण पाळक किंवा शिक्षिका, मुंबईहून येणाऱ्या मोठ्या नावापेक्षा मी कधीही पसंत करेन.

आतापर्यंतचं एकत्र करून सांगायचं तर: आधी बारा माणसं, मग जागा, मग झोपेला आणि कामाला वेळ देणारं वेळापत्रक, दोन छोटे संदेश, निर्णयाची घाई नाही, सुरक्षिततेला तडजोड नाही. राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, पंधरवड्यात सगळं पहिल्यासारखं होतं तो.

तसं होतं, कारण परत आल्यावर मुलांना मंडळीत काही कामच नसतं. शिबिरात लसूण सोलणारं, ढोलकी वाजवणारं, प्रश्न विचारणारं मूल रविवारी पुन्हा मागच्या बाकावर गप्प बसतं. म्हणून गटप्रमुखांकडून शिबिरानंतरच्या चार रविवारांचा शब्द घ्या: उपासनेनंतर अर्धा तास तोच गट, तीच माणसं, चहा आणि बिस्किटं, विषय असला तर असला. पालकांची एक बैठक घ्या, पण मूल काय बोललं याचा अहवाल तिथे द्यायचा नाही; घरी त्याला पहिल्याच दिवशी ‘काय शिकलास?’ विचारून भंडावू नका, एवढंच सांगा. आणि शिबिरानंतरचा तिसरा रविवार मुलांच्या हाती द्या. शास्त्रवाचन, गीतं, अर्पण गोळा करणं, दारात उभं राहून सगळ्यांना ‘जय ख्रिस्त’ म्हणणं, जमलं तर दहा मिनिटांचा संदेशही. कुणी अडखळेल, कुणी चुकीचा अध्याय उघडेल. समितीतले काहीजण नाताळाच्या तयारीचं कारण देऊन तो रविवार पुढे ढकलतील, तेव्हा शिबिराच्या मंजुरीबरोबरच ती तारीख ठरवा आणि बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.